खासगी माहिती आणि ओपन सोर्स साधने: वाचकांचे प्रश्न

ॲप आणि संकेतस्थळे आपली जी माहिती गोळा करतात ती कशी रोखावी आणि त्यासाठी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो अशा, साधनांवर कितपत विसंबावे, याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एकाच कामासाठी पाच-सहा साधनांची नावे मोजण्यापेक्षा जे साधन सुचवावेसे वाटते तेवढेच सुचवले आहे.

प्रश्न : माझा मुलगा मला ओपन सोर्स ॲप वापरण्याचा सतत आग्रह करतो. पण ज्या ॲपचा कोड कुणालाही वाचता येतो तो चोरट्यांनाही वाचता येत असणार. शिवाय मला प्रोग्रामिंग येत नाही, त्यामुळे कोड उघडा असला काय आणि नसला काय, मला सारखेच. मग या आग्रहात तथ्य किती? (एक निवृत्त लेखापाल)

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर बरेच जुने आहे. ऑगस्ट केरखोफ्स यांनी 1883 मध्ये लष्करी सांकेतिक लेखनावर लिहिताना असे तत्त्व मांडले की, संपूर्ण पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी केवळ किल्ली गुप्त असेपर्यंत मजकूर सुरक्षित राहिला पाहिजे. आज आपण रोज वापरतो ते एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असे मजकुराचे रूपांतर, याच तत्त्वावर उभे आहे. 2001 मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेलेली एईएस ही पद्धत तर खुल्या स्पर्धेतून निवडली गेली आणि जगभरातल्या तज्ज्ञांनी ती फोडण्याचा उघडपणे प्रयत्न केल्यानंतरच तिच्यावर विश्वास बसला. कोड लपवून ठेवल्याने त्यातल्या चुका नाहीशा होत नाहीत. त्या फक्त प्रामाणिक माणसांना दिसेनाशा होतात.

दुसऱ्या शंकेबाबत मात्र आपण अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. कोड वाचण्याची मुभा असणे आणि तो खरोखर कुणीतरी वाचलेला असणे यांत मोठे अंतर आहे. ओपनएसएसएल या असंख्य संकेतस्थळांच्या सुरक्षिततेचा आधार असलेल्या ओपन सोर्स संचात 2012 मध्ये एक चूक शिरली आणि ती एप्रिल 2014 पर्यंत कुणी जाहीर केली नाही. हार्टब्लीड या नावाने ती ओळखली जाते. 2024 मध्ये याहून गंभीर प्रकार उघडकीस आला. एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाच्या विकासात एका टोपणनावी व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरवाट घुसवली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला आणि ती चोरवाट जगभर पसरण्याआधीच पकडली. या घटनेतून दोन्ही गोष्टी एकदम दिसतात: उघड्या कोडातही दगा होऊ शकतो, आणि संशय आल्यावर मुळापर्यंत जाऊन पाहणे त्या अभियंत्याला शक्य झाले ते कोड उघडा असल्यामुळेच.

मग आपल्यासारख्या कोड न वाचणाऱ्या वापरकर्त्याला लाभ कोणता? माझ्या मते सर्वांत मोठा लाभ हा की, मालक बदलला किंवा त्याची नियत बदलली तर साधन त्याच्याबरोबर जात नाही. अँड्रॉइडवर सिंपल मोबाइल टूल्स नावाची गॅलरी, डायलर, फाइल व्यवस्थापक अशा साध्या आणि ट्रॅकरमुक्त (माग काढणारा कोड नसलेल्या) ॲपची एक लोकप्रिय मालिका होती. 2023 च्या अखेरीस ती दुसऱ्या कंपनीला विकली गेली. परवाना खुला असल्यामुळे त्या प्रकल्पावर आधीपासून काम करणाऱ्या मंडळींनी विक्रीपूर्वीचा कोड घेऊन फॉसिफाय या नावाने तीच ॲप पुढे चालू ठेवली, आणि ज्यांना नवा मालक नको होता त्यांना जाण्यासाठी जागा मिळाली. बंद कोडाच्या ॲपबाबत असे घडले असते तर ते काढून टाकण्याखेरीज वापरकर्त्याच्या हाती काहीच उरले नसते.

तेव्हा मुलाचा आग्रह मानावा, पण केवळ ‘ओपन सोर्स’ एवढे दोन शब्द पाहून नव्हे. साधनाची शेवटची सुधारित आवृत्ती अलीकडची आहे का, त्यावर एकाहून अधिक माणसे काम करतात का आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी त्याची तपासणी केल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आहे का, एवढे पाहायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

प्रश्न : एखाद्या संकेतस्थळावर एकदा चपला पाहिल्या की नंतर बातम्या वाचतानाही त्याच चपलांच्या जाहिराती दिसतात. कुकीविषयीच्या चौकटीत मी नेहमी ‘नाकारा’ हेच निवडते, तरीही हे थांबत नाही. याला उपाय आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : उपाय आहे आणि तो बसवायला फार वेळही लागत नाही, पण आधी हे घडते कसे ते समजून घ्यावे. चपलांच्या संकेतस्थळाचे पान उघडते तेव्हा त्यातला काही भाग त्या दुकानाच्या सर्व्हरवरून येतच नाही, तो जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. तो सर्व्हर आपल्या ब्राउझरमध्ये एक ओळखक्रमांक ठेवून देतो, त्यालाच त्रयस्थ कुकी म्हणतात. पुढे बातम्यांच्या पानावरही त्याच कंपनीचा तुकडा असतो आणि ब्राउझर तो क्रमांक त्या कंपनीला निमूटपणे परत दाखवतो. दोन संकेतस्थळांचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना आपण मात्र दोन्हीकडे ओळखले जातो. ‘नाकारा’ हे बटण म्हणजे संकेतस्थळाला केलेली विनंती असते; ती कितपत पाळायची हे ठरवणारे संकेतस्थळच असते. म्हणून विनंतीवर न थांबता ते तुकडे ब्राउझरपर्यंत पोहोचूच न देणे हा खरा मार्ग आहे.

त्यासाठी मी फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे विस्तारक (ब्राउझरला जोडायचे छोटे साधन) एवढी एकच जोडी सुचवेन. दोन्ही ओपन सोर्स आहेत. फायरफॉक्सने 2022 पासून संगणकावर प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची पद्धत आपोआप लागू केली आहे, त्यामुळे एका ठिकाणी दिलेला ओळखक्रमांक दुसऱ्या ठिकाणी वाचता येत नाही. यूब्लॉक ओरिजिन हे रेमंड हिल यांनी 2014 मध्ये सुरू केलेले साधन आहे आणि ते याच्याही एक पाऊल आधी काम करते: जाहिरात आणि माग काढणाऱ्या सर्व्हरांच्या याद्या त्याच्याजवळ असतात आणि त्या सर्व्हरांकडे जाणारी मागणी ते मुळातच अडवते.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर ते बसवल्यावर नेहमीचे बातम्यांचे संकेतस्थळ उघडावे आणि वरच्या पट्टीतल्या यूब्लॉक ओरिजिनच्या ढालीच्या चिन्हावर टिचकी मारावी. लहानशी चौकट उघडते, त्यात त्या पानावर किती मागण्या अडवल्या गेल्या तो आकडा असतो आणि तपशील उघडल्यास त्या पानाने कोणकोणत्या सर्व्हरांशी संपर्क साधला त्यांची नावे दिसतात. एका साध्या बातमीसाठी केवढी मोठी यादी जमते, हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतः पाहावे. एखादे पान नीट दिसेनासे झाले, फॉर्म भरला जाईना किंवा चित्रफीत सुरू होईना, तर त्याच चौकटीतले मोठे बटण दाबून तेवढ्याच संकेतस्थळापुरते विस्तारक बंद करता येते. कुकीच्या चौकटीच दिसू नयेत असे वाटत असेल तर सेटिंगमध्ये त्यासाठी वेगळी यादी आहे. ती आपणहून चालू करावी लागते.

येथे दोन सूचना द्याव्याशा वाटतात. नुसते ‘यूब्लॉक’ आणि ‘यूब्लॉक ओरिजिन’ ही दोन वेगळी साधने आहेत, त्यामुळे बसवताना नाव पूर्ण वाचावे. दुसरे असे की, क्रोमने विस्तारकांचे नियम बदलल्यापासून तेथे मूळ यूब्लॉक ओरिजिन चालत नाही, त्याची लाइट नावाची मर्यादित आवृत्ती चालते. ती काहीच नसण्यापेक्षा निश्चित बरी आहे; परंतु जाहिरातींवर चालणारी कंपनी जाहिराती अडवणाऱ्या साधनाच्या मर्यादा ठरवते, ही स्थिती मला वापरकर्त्याच्या हिताची वाटत नाही. अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही मूळ विस्तारक बसवता येते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

एवढे केल्यानंतरही एक वाट उरते. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, वेळक्षेत्र, चित्र रेखाटण्याची संगणकाची खास लकब अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र करून कुकीविनाही ब्राउझर ओळखता येतो. आपला ब्राउझर गर्दीत किती उठून दिसतो हे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या संकेतस्थळावर तपासता येते. टॉर ब्राउझर हा यावर सर्वांत गांभीर्याने काम करतो. तो खिडकीचा आकारसुद्धा ठरावीक मापांतच ठेवतो, म्हणजे सगळे वापरकर्ते शक्य तितके एकसारखे दिसावेत. रोजच्या वाचनासाठी मात्र तो संथ वाटतो.

प्रश्न : ब्राउझरची खासगी खिडकी वापरली तर हे सगळे करण्याची गरज उरते का? (एक वाचक)

उत्तर : उरते. खासगी खिडकी बंद केल्यावर पाहिलेल्या पानांची नोंद आणि कुकी आपल्या यंत्रावरून पुसल्या जातात, म्हणजे तोच संगणक वापरणाऱ्या दुसऱ्या माणसापासून संरक्षण मिळते. संकेतस्थळ, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि कार्यालयाचे जाळे यांना आपण पूर्वीइतकेच दिसत राहतो. इंटरनेट कॅफे किंवा दुसऱ्याचा संगणक वापरताना खासगी खिडकी जरूर वापरावी. माग काढणाऱ्यांविरुद्धचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

प्रश्न : टॉर्च, कॅल्क्युलेटर, दिनदर्शिका अशी साधी ॲपही फोनवर नाना परवानग्या मागतात. एखादे ॲप पडद्याआड काय करते हे सामान्य माणसाला कळू शकते का? (एक शिक्षक)

उत्तर : बरेचसे कळू शकते. आपण टॉर्चचे उदाहरण घेतले आहे आणि त्याला इतिहासही आहे. ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट या कोट्यवधी फोनांवर बसवलेल्या अँड्रॉइड ॲपविषयी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2013 मध्ये कारवाई केली. ते ॲप फोनचे स्थान आणि यंत्राचा ओळखक्रमांक जाहिरात कंपन्यांना देत होते, आणि वापरकर्ता अटींच्या पानावर ‘मान्य’ की ‘अमान्य’ हे ठरवत असतानाच ते काम सुरू झालेले असे, असा आयोगाचा आक्षेप होता.

असे ॲप बनवणाऱ्याने माग काढणारा कोड स्वतः लिहिलेला असतोच असे नाही. जाहिरात आणि विश्लेषण कंपन्या आपला तयार कोड विनामूल्य देतात, बनवणारा तो जोडून मोकळा होतो आणि त्या कोडामार्फत माहिती तिसऱ्याच ठिकाणी जाते. एक्सोडस प्रायव्हसी ही फ्रान्समधली संस्था नेमके हेच उघड करते. तिच्या संकेतस्थळावर अँड्रॉइड ॲपचे नाव टाकले की त्या ॲपमध्ये कोणकोणत्या कंपन्यांचे ट्रॅकर सापडले आणि ते कोणत्या परवानग्या मागते, याचा अहवाल मिळतो. जोखमीच्या परवानग्यांपुढे उद्गारचिन्ह असते. अहवाल वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की, ही तपासणी ॲप न चालवता त्याचा कोड चाळून केलेली असते. ट्रॅकर सापडला म्हणजे तो या क्षणी माहिती पाठवतोच आहे असे सिद्ध होत नाही, आणि शून्य ट्रॅकर सापडले म्हणजे ॲप निर्दोष आहे असेही नाही. तरीही दिनदर्शिकेच्या अहवालात स्थान, संपर्क आणि मायक्रोफोन एका खाली एक दिसले, तर निर्णय घ्यायला तेवढे पुरे आहे.

अशी ॲप काढून त्यांच्या जागी काय आणावे, या प्रश्नासाठी एफ-ड्रॉइड आहे. 2010 पासून चालू असलेल्या या भांडारात केवळ मुक्त परवान्याची ॲप असतात. त्याच्या दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. एफ-ड्रॉइड बहुतेक ॲप बनवणाऱ्याकडून तयार स्थितीत न घेता प्रसिद्ध कोडावरून स्वतः बांधते, त्यामुळे दाखवलेला कोड एक आणि दिलेले ॲप दुसरे, असे होण्याची शक्यता बरीच घटते. आणि एखाद्या ॲपमध्ये जाहिराती असतील, ते माग काढत असेल किंवा बंद सेवेवर अवलंबून असेल, तर तसे त्याच्या पानावरच स्पष्ट लिहिलेले असते. या पद्धतीमुळे नव्या आवृत्त्या काही दिवस उशिरा येतात, ही तिची किंमत होय.

सगळ्यात आधी मात्र कीबोर्डकडे पाहावे, असे मी सुचवेन. आपण लिहितो तो प्रत्येक शब्द, मग तो निरोप असो, पासवर्ड असो किंवा आजाराचा शोध असो, कीबोर्डच्या हातून जातो, आणि तरीही तो आपणहून बदलणारी माणसे फार थोडी आढळतात. हेलीबोर्ड हा ओपन सोर्स कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही. परवानगी नसल्यामुळे तो काही पाठवू शकत नाही, आणि हे त्याच्या माहितीच्या पानावर कुणालाही पडताळता येते.

जे ॲप काढता येत नाही पण ज्याला इंटरनेटचे काही काम नाही, अशासाठी नेटगार्ड आहे. त्यात फोनवरच्या ॲपची यादी दिसते आणि प्रत्येकासमोर वायफाय आणि मोबाइल डेटा अशी दोन चिन्हे असतात. ज्याचे दळणवळण थांबवायचे त्याचे चिन्ह बंद करावे. अँड्रॉइडच्या व्हीपीएन सुविधेचा (एरवी इंटरनेटचे दळणवळण दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेण्याची सोय) वापर करून ते फोनच्या आतच हे काम करते, आपला डेटा दुसऱ्या सर्व्हरकडे नेत नाही. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालत असल्यामुळे नेटगार्डबरोबर दुसरे व्हीपीएन वापरता येत नाही. आयफोनवर अशा साधनांना फारसा वाव नाही. तेथे सेटिंगमधला ॲपच्या हालचालींचा अहवाल चालू करून कोणते ॲप कोणत्या सर्व्हरशी बोलते हे पाहता येते.

प्रश्न : सगळे पासवर्ड एकाच ॲपमध्ये ठेवणे म्हणजे चोराला एकच कुलूप फोडायला सांगणे नव्हे काय? मी आजवर दोन-तीन पासवर्ड आलटून पालटून वापरत आले आहे. (एक परिचारिका)

उत्तर : आपली भीती अनाठायी नाही, परंतु सध्याची पद्धत अधिक धोक्याची आहे. ज्या संकेतस्थळांवर आपण खाते उघडले त्यांपैकी सर्वांत ढिसाळ संकेतस्थळाची माहिती चोरीला गेली की तोच पासवर्ड चोर इतर सगळीकडे लावून पाहतात. म्हणजे आपली सुरक्षितता सध्या त्या एका ढिसाळ संकेतस्थळाच्या हाती आहे.

पासवर्ड कुणाच्याही सर्व्हरवर जाऊ नयेत असे वाटत असेल तर कीपासएक्ससी घ्यावे. ते सगळे पासवर्ड एका एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये ठेवते आणि ती फाइल आपल्याच संगणकावर राहते. अँड्रॉइडवर तीच फाइल कीपासडीएक्समध्ये उघडता येते. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे आणि तिची प्रत जपणे ही जबाबदारी अर्थातच आपली. ती नको असेल तर बिटवॉर्डन घ्यावे. त्यात माहिती आपल्या यंत्रावरच एन्क्रिप्ट होऊन मग सर्व्हरवर जाते आणि सगळ्या यंत्रांवर आपोआप मिळते. सेवा निवडताना नेमके काय एन्क्रिप्ट होते हे पाहणे किती आवश्यक आहे, ते 2022 मध्ये दिसले. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेतून ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. कोण कोणत्या बँकेत आणि कोणत्या रुग्णालयात जातो, हे चोरांना कुलूप न फोडताच कळण्यासारखे होते.

मुख्य पासवर्ड म्हणून अवघड चिन्हांची रचना करण्यापेक्षा फासे टाकून निवडलेले पाच-सहा साधे शब्द घ्यावेत. या पद्धतीला डाइसवेअर म्हणतात. पाच फाशांचे 7776 निकाल संभवतात आणि प्रत्येक निकालासमोर यादीत एक शब्द असतो. सहा शब्द झाले की अंदाजाने ओळखणे व्यवहारात अशक्य होते, पाठ करणे मात्र जमते. कीपासएक्ससी असे शब्द स्वतःही निवडून देते. हा मुख्य पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून देणारे कुणीही नाही, म्हणून तो कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवण्यास मी निःसंकोच सांगेन. दूरदेशीच्या चोराला आपले कपाट उघडता येत नाही. आणखी एक लाभ असा की, हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळाने आपला डोळा फसतो, पण पासवर्ड भरणारे साधन पत्ता अक्षरशः जुळवते आणि तेथे पासवर्ड भरतच नाही.

प्रश्न : व्हीपीएन घेतले की आपण इंटरनेटवर अदृश्य होतो, असे जाहिरातींत सांगतात. ओपन सोर्स व्हीपीएन घेतले तर ते खरे ठरते का? (एक छोटा व्यावसायिक)

उत्तर : नाही. व्हीपीएन घेतल्यावर आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसत नाही. ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते. एकावरचा विश्वास काढून दुसऱ्यावर ठेवणे, एवढाच हा व्यवहार आहे. ज्या संकेतस्थळावर आपण स्वतःच्या नावाने प्रवेश करतो त्याला तर आपण कोण हे ठाऊकच असते. वायरगार्ड हा 2020 मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झालेला व्हीपीएनचा ओपन सोर्स मार्ग उत्तम आहे, त्याचा कोड काही हजार ओळींतच मावत असल्यामुळे तपासायलाही सोपा आहे. तथापि फोनवरच्या ॲपचा कोड उघडा असला तरी पलीकडच्या सर्व्हरवर काय नोंदवले जाते हे त्या कोडातून कळत नाही. अनोळखी वायफाय वापरताना किंवा कार्यालयाच्या जाळ्यात घरून शिरताना व्हीपीएन कामाचे आहे. जेथे ओळख लपणे खरोखर निकडीचे आहे तेथे टॉर वापरावा, कारण त्यात मजकूर तीन टप्प्यांतून जातो आणि त्यांपैकी कोणत्याही एकाला पाठवणारा आणि पोहोचण्याचे ठिकाण ही दोन्ही एकदम कळत नाहीत.

प्रश्न : मी सिग्नल हे निरोपांचे ॲप बसवले, पण आमच्या घरातले कुणीच ते वापरायला तयार नाही. ‘व्हॉट्सॲपमध्येही एन्क्रिप्शन आहे, मग हे कशाला?’ असे सगळे विचारतात. त्यांना काय सांगावे? (एक वाचक)

उत्तर : घरच्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, हे आधी मान्य करावे. व्हॉट्सॲपने 2016 मध्ये निरोपांसाठी सिग्नलचीच एन्क्रिप्शन पद्धत सर्वत्र लागू केली, त्यामुळे निरोपातला मजकूर दोन्हीकडे सारखाच सुरक्षित असतो. फरक आहे तो मजकुराबाहेरच्या माहितीत: कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले, कोणत्या गटात कोण आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन चौकशीत सिग्नलकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली गेली, तेव्हा खाते केव्हा उघडले आणि ते शेवटचे केव्हा जोडले गेले, या दोन नोंदींखेरीज देण्यासारखे त्यांच्याजवळ काहीच नव्हते. साठवलेच नाही ते मागून मिळत नाही आणि चोरीलाही जात नाही. खाते उघडायला फोन क्रमांक अजूनही लागतो, मात्र 2024 पासून तो समोरच्याला न दाखवता वापरकर्तानावाने बोलता येते.

सगळ्या घराला एकदम हलवण्याचा हट्ट धरू नये. ज्या एक-दोन माणसांशी आपण आजार, पैसा किंवा मुलांविषयी बोलतो त्यांच्यापुरतेच ते आधी सुरू करावे. तेवढ्यानेही बरेच साधते.

याच संदर्भात छायाचित्रांविषयी सांगायला हवे, कारण तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. फोनने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये दिनांक, वेळ, फोनचे मॉडेल आणि कॅमेऱ्याला स्थानाची परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. घराच्या अंगणात काढलेले मुलाचे छायाचित्र मूळ फाइल म्हणून पाठवले किंवा कुठे चढवले तर घराचा ठावठिकाणा त्याच्याबरोबर जाऊ शकतो. अँड्रॉइडवर स्क्रॅम्बल्ड एक्झिफ नावाचे छोटे ॲप आहे. छायाचित्र ‘शेअर’ करताना आधी त्या ॲपकडे पाठवावे, ते ही नोंद पुसते आणि लगेच कुणाकडे पाठवायचे ते पुन्हा विचारते. कॅमेऱ्याची स्थानाची परवानगी कायमची काढून टाकणे हा त्याहून सोपा उपाय, आणि त्यासाठी काहीच बसवावे लागत नाही.

प्रश्न : मी हौसेने ब्राउझरमध्ये खासगीपणा जपणारी बरीच विस्तारके बसवली आहेत. आता निम्मी संकेतस्थळे नीट उघडत नाहीत. कोणते ठेवावे आणि कोणते काढावे? शिवाय ही सगळी साधने मोफत आहेत तर त्यांचा खर्च कोण चालवतो, अशीही शंका येते. (एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

उत्तर : यूब्लॉक ओरिजिन आणि पासवर्डचे विस्तारक ठेवून बाकीची काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच कामाची दोन विस्तारके एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि संकेतस्थळ मोडले की दोष कोणाचा ते सापडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा बहुतेक विस्तारकांना आपण उघडलेले पान वाचण्याची मुभा दिलेली असते, त्यामुळे संख्या वाढते तशी ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा अशा अनोळखी माणसांची संख्याही वाढते. द ग्रेट सस्पेंडर हे क्रोमचे लोकप्रिय ओपन सोर्स विस्तारक मूळ विकसकाने दुसऱ्या हाती सोपवले, पुढे त्यात घातक कोड आढळला आणि 2021 मध्ये गूगलने ते बंद केले. ते बसवलेल्यांना मालक बदलल्याचा पत्ताही नव्हता, कारण नवी आवृत्ती आपोआप येत राहिली. म्हणून जी विस्तारके काही महिन्यांत वापरली नाहीत ती ‘असू दे’ म्हणून ठेवू नयेत.

खर्चाविषयीची आपली शंका योग्य आहे आणि प्रत्येक साधनाच्या बाबतीत ती विचारलीच पाहिजे. उत्तरे वेगवेगळी मिळतात. सिग्नल एका ना-नफा प्रतिष्ठानाच्या छत्राखाली देणग्यांवर चालते. बिटवॉर्डन ही कंपनी आहे आणि वरच्या दर्जाच्या सुविधांचे व संस्थांकडून येणारे शुल्क हे तिचे उत्पन्न आहे. फायरफॉक्सच्या उत्पन्नाचा मोठा वाटा शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून, म्हणजे मुख्यतः गूगलकडून येतो. हे अवलंबित्व मला खटकते, पण ते उघड आहे. यूब्लॉक ओरिजिनचे रेमंड हिल देणग्या घेतच नाहीत आणि ज्यांना मदत करायची आहे त्यांनी याद्या सांभाळणाऱ्यांना करावी असे सांगतात. जेथे असे कोणतेही उत्तर सापडत नाही, त्या साधनापासून दूर राहावे.

आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, म्हणून एक सुचवतो. या याद्या सांभाळणारी माणसे थोडी आहेत आणि संकेतस्थळे रोज बदलतात. एखादे पान यूब्लॉकमुळे मोडले तर ते नुसते बंद न करता त्याच्याच चौकटीतल्या तक्रारीच्या बटणावरून पानाचा पत्ता आणि बिघाडाचे स्वरूप नेमके लिहून कळवावे. कळवण्यापूर्वी याद्या ताज्या करून आणि इतर विस्तारके बंद ठेवून बिघाड पुन्हा होतो का ते पाहावे, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ वाया जात नाही.